दिवा नीट झाला की

सगळा हॉल हसला आणि तिसऱ्या रांगेत बसलेली लेक उठून बाहेर गेली. दोन्ही गोष्टी बाईंना एकदमच दिसल्या, कारण त्या व्यासपीठावर बसल्या होत्या आणि व्यासपीठावर बसवलेल्या माणसाला समोर बघत राहण्यापलीकडे काही काम नसतं. हसू त्यांच्या ओळखीचं होतं. किस्सा त्यांचाच, गेली पंचवीसेक वर्षं परिषदांतून, चहाच्या टेबलांवरून, नव्याने रुजू झालेल्या पोरांच्या स्वागतातून फिरून फिरून गुळगुळीत झालेला; आज त्यांच्या निरोपसमारंभात संचालक तो सांगणार हे ठरलेलंच होतं. "आमच्या सोडियमबाईंनी," संचालक म्हणाले, "ध्रुवावर अख्खा उन्हाळा एका ठणठणीत मशीनला औषधपाणी केलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पण या बाई अशा, की पखालीला टोचून टोचून शेवटी त्यांनी म्हैस शोधून काढली." मग टाळ्या. बाईही हसल्या, अशा वेळी हसायचं असतं तसं, मान जरा खाली घालून. आणि मान वर केली तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती आणि हॉलचं मागचं दार आपोआप मिटत होतं. फोन आला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण फोन आला म्हणून भर भाषणात उठून जाणाऱ्यांतली लेक नव्हती. ती सगळं रीतसर करणारी होती, आणि बाईंचं दुखणं नेमकं तेच होतं.

रीतसर म्हणजे दर रविवारी फोन, महिन्यातून एक फेरी, येताना फळं, जाताना "औषधं संपली तर सांग", आणि घरी पोचल्यावर "पोचले". मुक्काम कधीच नाही. लेक माणसांच्या कानांना मशीनं बसवते. ऐकू न येणारी म्हातारी माणसं दिवसभर तिच्यासमोर बसलेली असतात, आणि ती त्यांच्याशी जशी बोलते, सावकाश, स्पष्ट, जराही न चिडता, तशीच आईशीही बोलते. बाई एकदा गमतीनं म्हणाल्या होत्या की अगं, माझे कान अजून शाबूत आहेत. त्यावर लेक म्हणाली होती की कान शाबूत असणाऱ्यांचंच अवघड असतं, आणि हसली होती. बाईंनी ते विनोद म्हणून ठेवून दिलं. भांडण असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना पुष्कळदा वाटे. भांडणात निदान धरायला काहीतरी टोक असतं. इथे कुठे हात घालावा तेच कळत नव्हतं. इतर बायका आपल्या मुलींच्या तक्रारी सांगत, उलट बोलते, माझं ऐकत नाही, तेव्हा बाईंना त्यांचा हेवा वाटे. आज मात्र त्यांनी ठरवलं होतं. नोकरी संपली. लेकीच्या घरी वरची खोली रिकामी होती. समारंभ आटोपला की चहा घेता घेता विचारायचं, मी तुझ्याकडे राहायला येऊ का. एवढंच. "येऊ का" म्हणावं की "आले तर चालेल का", यातच सकाळ गेली होती. आरशासमोर दोन्ही म्हणून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा आरशातली बाई नोकरी मागायला आल्यासारखी दिसली होती.

भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता वेळच वेळ आहे, तो बघायला, असं कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा सगळे हसले. चहा झाला. लेक ना दारात दिसली, ना जिन्यात, ना गाड्यांपाशी. फोन वाजत राहिला. संस्थेची गाडी नको म्हणून बाई घड्याळाचं खोकं पोटाशी धरून चालतच निघाल्या. संध्याकाळ होत आली होती, दुकानांचे दिवे लागत होते, आणि संचालकांचं भाषण त्या शब्द न् शब्द आठवून बघत होत्या, त्यात लेकीला लागेल असं काय होतं म्हणून. लेकीचं नावही नव्हतं त्यात. घरच्या कोणाचंच नव्हतं. चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाला तरी त्या उभ्याच राहिल्या. मागच्या माणसाने "चला मावशी" म्हटलं तेव्हाही हलल्या नाहीत. ठणठणीत मशीन. हा किस्सा त्यांनी जगाला सांगितला होता, पण लेकीला कधी सांगितला नव्हता. लपवला होता असंही नाही. घरी तो हसण्याजोगा वाटला नसता, एवढंच. आणि त्या अंधुकपणे का होईना ते जाणून होत्या, म्हणून तर पंचवीस वर्षांत तो एकदाही जिभेवर आला नव्हता. आज लेकीने तो पहिल्यांदा ऐकला, तोही शंभर माणसांत, हशासकट.

लेक आठ वर्षांची होती तेव्हा. तिचे वडील त्याच्या पाच वर्षं आधीच गेले होते, आणि आत्या, म्हणजे बाईंची नणंद, लग्नबिग्न न केलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने मायाळू, त्यांच्याकडेच राहत होती. ध्रुवावर जायचं ठरलं तेव्हा बाईंनी लेकीला खिडकीशी उभं केलं. दुसरा मजला, खिडकीच्या जरा खाली रस्त्यावरचा पिवळा दिवा. "मुंगे," त्या म्हणाल्या होत्या, ती अशी होती की दिवसभर घरभर काहीतरी ओढत नेत असायची म्हणून मुंगी, "हा दिवा पिवळा का माहीत आहे? याच्या पोटात सोडियम आहे. आणि तिथे वर आभाळात, ढगांच्याही खूप वर, सोडियमचा पातळ थर आहे. उल्का जळतात ना, त्यांची राख ती. इतकी थोडी, की आपल्या सगळ्या शहरावरची गोळा केली तर चिमूटभर मीठ होईल जेमतेम. मी तिथून याच रंगाचा उजेड वर सोडणार आणि ते सोडियम चमकून मला दिसणार." मुंगीने विचारलं होतं की म्हणजे हा दिवा आणि तुझा दिवा एकच का. बाईंना हे इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, हो, एकच. हा पेटला की समजायचं आईचा पेटला. रंगापुरतं ते खरंही होतं. मुलांना समजावून सांगण्यात त्यांचा हातखंडा आहे असं सगळे म्हणत.

हिवाळा सुंदर गेला. बाईंना आयुष्यात इतकं एकाग्र सुख पुन्हा मिळालं नाही, आणि हे त्यांनी कोणापाशी कबूल केलं नसतं. महिनोन्महिने सूर्य नाही. लाकडी खोलीच्या छतातल्या भोकातून पिवळी सरळ रेघ वर गेलेली, आणि नव्वद किलोमीटरवरून परत आलेल्या उजेडाचे कण मशीन टिपत बसलेलं. पडद्यावरच्या आलेखात थराचा उंचवटा भरघोस उमटायचा. त्या खोलीत तेल तापल्याचा वास असे, बुटांतला बर्फ वितळून जमिनीवर डबकी होत, आणि आपण जगाच्या टोकाला बसून राखेची चिमूट चाचपतोय या विचाराने त्यांना मधूनच एकट्याने हसू येई. रविवारी उपग्रहावरून फोन. आवाज पोचायला वेळ लागायचा. पलीकडचं माणूस गप्प आहे की आपलं बोलणंच अजून पोचलेलं नाही, हे कळायचं नाही. पण मुंगी भरभरून बोलायची, दोघींचे आवाज एकमेकांवर आपटायचे, आणि शेवटी ती हमखास सांगायची, दिवा लागलाय. मग उजाडलं, दिवस वाढत गेला, उन्हाळ्याच्या तोंडावर बदलीची माणसं घेऊन विमान येणार होतं आणि त्याच विमानाने बाई परतणार होत्या. आणि पडद्यावरचा उंचवटा बसायला लागला.

इथेच ती चूक झाली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून होण्यासारखी नव्हती. अडाणी माणसाने आभाळाकडे बोट दाखवलं असतं. बाई जाणकार होत्या, म्हणून त्यांनी मशीनकडे बघितलं. सोडियमला चमकवायचं तर वर सोडलेल्या लेझरचा रंग बरोबर त्याच्या रेषेवर, म्हणजे सोडियम ओळखतो त्या नेमक्या पिवळ्यावर, लागतो; केसभर सरकला तरी सोडियम ओळख देत नाही. तेव्हा लेझर सरकला असणार. तो रेषेवर आहे की नाही हे बघायला सोडियमची वाफ भरलेली एक काचेची नळी होती. लेझर बरोबर असला की नळी पिवळी उजळायची. नळी उजळत होती. रोज उजळत होती. मशीन ओरडून सांगत होतं की मला काही झालेलं नाही, आणि बाई म्हणत होत्या की नळीच खराब झालेली दिसते. त्यांनी नळी बदलली, आरसे पुसले, दिवसाचा उजेड अडवणारा फिल्टर काढून पुन्हा बसवला, आणि थर आपला पातळ होत गेला. वर आकाशात खरंच काही घडत असेल हे मनात आलंच नाही असं नव्हतं. पण उन्हाळ्यात आभाळाचा तो मजला हिवाळ्याहूनही थंड होतो, इतका की तिथे बर्फाचे कण धरतात आणि सोडियम काय, लोखंड काय, सगळे अणू त्या कणांना चिकटून गडप होतात, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नाही ते नसतं असं समजण्याची शिकलेल्या माणसाला खोडच असते. बिघडलेलं मशीन दुसऱ्याच्या गळ्यात मारून जायचं त्यांच्या जिवावर आलं. एका रविवारी त्या लेकीला म्हणाल्या, येण्याचं बघू, थोडं काम उरलंय. पुढच्या रविवारी म्हणाल्या, येणं लांबलं गं, माझा दिवा बिघडलाय. दिवा नीट झाला की येते.

तिकडून काही आवाज आला नाही. बाई दोन श्वास थांबल्या, मग चार. मग फोनवर आत्या आली आणि म्हणाली की ही उठून गेली आत. त्यानंतर मुंगीचं बोलणं आटत गेलं. शाळेचं नाही, मैत्रिणींचं नाही. रविवार आला की ती एकच विचारायची, "दिवा नीट झाला का?" आणि नाही म्हटलं की फोन आत्याकडे. बाईंना याचं कौतुक वाटलं. आज चौकात उभं राहून ते कौतुक आठवलं तेव्हा त्यांना स्वतःचीच शिसारी आली, पण तेव्हा खरंच कौतुक वाटलं होतं; जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांना सांगितलंही होतं की माझी लेक आठ वर्षांची आहे आणि मशीनशिवाय दुसरं विचारत नाही, शास्त्रज्ञ होणार बघा. आत्या मात्र म्हणत होती की पोरगी मुकी होत चाललीय. अंधाराला घाबरते, आपल्या गल्लीतला दिवा गेलाय तर रोज माझ्या मागे लागते, तक्रार कर, तक्रार कर, मी दोनदा केली, त्या पालिकेला काय, पालथ्या घड्यावर पाणी. बाई हसल्या होत्या. मुलांचेही ऋतू असतात, त्या म्हणाल्या होत्या, थोडे दिवस गप्प होतात, येईल परत. आभाळात ऋतू होता तिथे त्या बिघाड शोधत बसल्या आणि घरात काहीतरी मोडलं होतं त्याला ऋतू म्हणाल्या. हे असं त्यांनी आजवर कधी एका वाक्यात म्हणून पाहिलं नव्हतं.

उन्हाळा सरला, थर परत भरू लागला. बाईंनी त्याच सुमारास नवा आरसा लावला होता, तेव्हा श्रेय आरशाला आणि त्यांना. त्या विजयी होऊन घरी आल्या. दारातच मुंगीने विचारलं, झाला नीट? आणि त्या ऐटीत म्हणाल्या, केला नीट. पुढच्या उन्हाळ्यात तिथे गेलेल्या सहकाऱ्याचा निरोप आला की तुमचं मशीन पुन्हा आजारी पडलं, आणि त्या क्षणी बाईंच्या डोक्यात लख्ख झालं. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे, तो शोधनिबंध, ते नाव, सोडियमबाई. घरी त्या काय म्हणाल्या होत्या? काहीच नाही. निबंधाचं कौतुक झालं तेव्हा आत्याने गोड केलं आणि मुंगीने शहाण्यासारखं अभिनंदन केलं. ती तोवर शहाण्यासारखं सगळंच करू लागली होती.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाईंना क्षणभर आपण चुकीच्या रस्त्याला वळलो असं वाटलं. अर्धी गल्ली पांढरीफटक झाली होती. पालिकेची उंच पाळण्याची गाडी खांबाखांबाशी थांबत पुढे सरकत होती, पाळण्यातला वायरमन जुने पिवळे दिवे उतरवून नवे बसवत होता, आणि त्यांच्या खिडकीखालच्या खांबाचा तेवढा अजून पिवळा होता. त्याच्याखाली लेक उभी होती. वर बघत होती. तिचा निळा कोट त्या उजेडात मातकट दिसत होता. त्या उजेडात सगळंच तसं दिसायचं. बाईंनी खोकं सावरलं आणि तिच्याजवळ गेल्या. लेकीने वळून पाहिलं नाही.

"तेव्हा ते मशीन बिघडलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. तिथल्या उन्हाळ्यात सोडियम कमीच होतं. दर वर्षी होतं. आम्हाला माहीत नव्हतं."

"आणि तू नीट केलंस म्हणालीस."

"मला तसं वाटलं होतं. हिवाळा आला, ते आपलं आपण परत आलं."

गाडी त्यांच्या खांबाशी आली. वायरमनने वरून हात हलवून दोघींना बाजूला व्हायला सांगितलं, तशा त्या भिंतीला टेकल्या. पिवळा दिवा विझला. अंधारात लेक बोलू लागली तेव्हा तिचा आवाज कानाच्या मशीनवाला नव्हता. कुठेतरी चढणारा, मध्येच तुटणारा होता.

"हा मी फोडला होता. तू येण्याचं बघू म्हणालीस ना, त्या आठवड्यात. कुंडीतले दगड घेतले आणि खिडकीतून मारत सुटले. लागेपर्यंत मारले. आत्याला वाटलं चेंडू लागला कुणाचा तरी. आणि पुढच्या रविवारी तू म्हणालीस, माझा दिवा बिघडलाय."

बाईंना खिडकी दिसत होती, आणि तिच्यात उभी राहून जगाला समजावून सांगणारी एक हुशार बाई. हो, एकच, असं ती ठामपणे म्हणत होती.

"आठ वर्षांची होतीस गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मोठी झाल्यावर तरी—"

"मोठी झाल्यावर कळलं की दगडाने तिकडचं मशीन बिघडत नाही. न कळायला काय झालं? पण तोवर सवय लागली होती. आणि मला वाटायचं, आत्याने गल्लीतला दिवा गेल्याचं सांगितलं त्यावरून तू ओळखलंयस. तू त्या उन्हाळ्याचं कधी नावच काढायची नाहीस घरात. मला वाटायचं, तू माफ केलंयस, आणि मला लाजवायचं नाही म्हणून गप्प आहेस. मी किती जपून वागले तुझ्याशी. एकदासुद्धा वर आवाज केला नाही. आता त्याचं काय करू?"

वर खटका वाजला आणि पांढरा उजेड खाली पडला. बाईंनी लेकीकडे पाहिलं. कोट निळा होता. डोळ्यांखाली काळं होतं, आणि भांगाजवळच्या केसांत बोटभर रुंद पांढरी पट्टी होती. ती कधीपासून होती कोण जाणे. इतक्या वर्षांत कितीतरी संध्याकाळी या दिव्याखाली तिला निरोप देऊनही बाईंना ती दिसली नव्हती.

"दिवा ठीक होता, मुंगे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून ठीक होता. तुझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. माझ्याच हातून बिघडलं सगळं."

लेकीने मान हलवली, ऐकल्याची. दोन श्वास गेले, मग चार. या वेळी मध्ये उपग्रह नव्हता, बोलणं पोचलं होतं. बाईंना सकाळी पाठ केलेला प्रश्न आठवला आणि तो विचारायची त्यांना लाज वाटली.

"वर चल," त्या म्हणाल्या. "थोडी बस."

"नाही येत," लेक म्हणाली. "मला आत्ता तुझ्याशी बोलायचंच नाहीये."

आणि ती निघाली. जड खोकं आईच्या हातातून घेऊन वर ठेवलं नाही, औषधांचं विचारलं नाही, पोचल्यावर फोन करते म्हणाली नाही. वायरमन जुना दिवा गाडीत टाकत होता. पांढऱ्या उजेडात लेक कोपऱ्यापर्यंत स्पष्ट दिसत होती, भरभर चालत, पाय आपटत, आठ वर्षांच्या रागावलेल्या मुलीसारखी, आणि बाई खोकं पोटाशी धरून तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.